डिकीत पाणी येतंय? बीडिंग बदलण्याआधी हे करून बघा

पावसाळा लागला की ही तक्रार हमखास सुरू होते. डिकी उघडल्यावर कुबट वास, मॅट खालून दमट आणि स्टेपनी उचलली की तिच्या खड्ड्यात गढूळ पाणी. गॅरेजमध्ये नेलं की बहुतेक वेळा एकच निदान होतं: "बीडिंग गेलंय, बदलून टाकू." बीडिंग, म्हणजे डिकीच्या तोंडाभोवतीची रबरी पट्टी, बदललं जातं, चार दिवस बरं वाटतं, मग एखादी मोठी सर येते आणि खड्डा पुन्हा भरतो. त्यानंतर कुणीतरी सिलिकॉनची ट्यूब काढतो आणि दिसेल त्या फटीत भरत सुटतो. पाणी यायचं ते येतंच, वर नेमकी वाट शोधणंही अवघड होऊन बसतं.

माझं मत साधं आहे. पाणी आत शिरताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय सीलंट लावू नये आणि पार्टही विकत घेऊ नये. डिकीचा तळ ही गाडीच्या मागच्या भागातली सगळ्यात खोल जागा. छताच्या पन्हळीतून शिरलेलं पाणी असो, मागच्या दिव्याच्या पाठीमागून आलेलं असो की बंपरच्या आडून आलेलं असो, ते पत्र्याच्या आतल्या अंगाने, वायरच्या जुडग्यावरून, अस्तरामागून ओघळत शेवटी तिथेच जमतं. खड्डा भरला म्हणजे पाणी आलंय एवढंच कळतं. कुठून आलं ते वेगळं शोधावं लागतं.

पाणी कधी येतं?

पान्हा हातात घेण्याआधी याचं उत्तर काढा. निम्मा शोध इथेच संपतो.

गाडी नुसती उभी असताना पावसात भिजली आणि पाणी आलं, तर संशय वरच्या भागावर: छताचे जोड, मागची काच, अँटेनाचं बूड, टेललाइट, बीडिंग. उभ्या गाडीत थेंबही येत नाही, पण भर पावसात हायवेवरून आल्यावर किंवा साचलेल्या पाण्यातून काढल्यावर डिकी ओली होते, तर संशय खाली सरकतो: बंपरमागचे एअर व्हेंट, तळाचे रबरी बूच, चाकाच्या कमानीतले जोड. चाकाने उडवलेलं पाणी जोरात आणि सतत मारा करतं, त्यामुळे एरवी न गळणारी फटही तेव्हा गळते.

फक्त प्रेशर वॉशनंतरच चार थेंब दिसत असतील तर फारसं मनावर घेऊ नका. जवळून मारलेला तो झोत चांगल्या बीडिंगच्या ओठाखालूनही पाणी आत ढकलतो. डिकी उघडतानाच पाणी आत सांडत असेल तर ती गळती नव्हेच. झाकणावर आणि कडेच्या पन्हळीत साचलेलं पाणी झाकण वर होताना आत ओघळतं. पन्हळीत पाला-माती अडकली असेल तर जास्तच. ती साफ करा आणि पावसात झाकण हळू उघडा.

आणि पाऊस नसतानाही ओल येत असेल, गाडी हॅचबॅक असेल, तर थेट खाली हॅचबॅकच्या भागाकडे जा.

अजून एक गोष्ट लोक विचारातच घेत नाहीत: गाडी उभी कशी होती? ओळखीतल्या एकांची सेडान रत्नागिरीला घरासमोरच्या चढावर असते, तोंड वर करून. बीडिंग बदलून झालं, टेललाइटची गॅस्केटं बदलून झाली, तरी पाणी. गाडी उलटी लावली, म्हणजे तोंड उताराकडे केलं, की त्याच पावसात डिकी कोरडी. छताच्या पन्हळीच्या मागच्या टोकाला, जिथे छताचा पत्रा मागच्या खांबाला मिळतो, तिथला सीलंट केसभर तडकला होता. तोंड वर असलं की छतावरचं सगळं पाणी त्याच कोपऱ्यात जमायचं आणि तिथून आत झिरपायचं. सपाट रस्त्यावरच्या गॅरेजात ही गळती कितीही पाणी मारलं तरी दिसली नसती. तेव्हा चाचणी घ्यायची ती गाडी घरी जशी उभी असते तशीच उभी करून.

सगळं बाहेर काढा

मॅट, स्टेपनी, जॅक, टूल, कडेचे प्लास्टिकचे कप्पे, दोन्ही बाजूंची फेल्टची अस्तरं, सगळं निघालं पाहिजे. "मॅट थोडी वर करून बघितलं" याला काही अर्थ नाही. अस्तरं प्लास्टिकच्या क्लिपांवर असतात. बहुतेक क्लिपांचा मधला भाग पेचकसाच्या टोकाने उचलला की त्या सुटतात. दोन-चार तुटतीलच, सुट्या मिळतात.

आता पाणी टाकण्याआधी बॅटरी घेऊन पंधरा मिनिटं नुसतं बघा. वाळलेलं पाणी मागे खूण ठेवतं. कोकणात आणि गोव्याकडे चालणाऱ्या गाड्यांना तर हा फायदाच आहे. तांबड्या मातीचा बारीक ओघळ आतल्या रंगावर वाळून बसलेला असतो, खाली रुंद आणि वर निमुळता होत जाणारा. त्याच्या मागोमाग बोट वर नेत गेलं की ते टोक बऱ्याचदा टेललाइटच्या एखाद्या नटापाशी किंवा जोडाच्या काळ्या-राखाडी सीलंटपाशी थांबतं. नटाभोवती गंजाची तपकिरी कडी दिसली तर संशय पक्का करायला हरकत नाही.

मग सगळं पुसून खडखडीत कोरडं करा. ओल्यात ओलं शोधता येत नाही.

पाण्याची चाचणी

या कामाला दोन माणसं लागतात, एक आत आणि एक बाहेर. आतल्याने मागची सीट पाडून केबिनमधून डिकीत सरकायचं, हातात बॅटरी. सीट पाडलेलीच ठेवायची, चावी बाहेरच्याकडे, आणि पोरांना या कामाला अजिबात घ्यायचं नाही. ज्या गाडीत सीट पडत नाही, तिथे आत माणूस बसवू नका. संशयाच्या जागांखाली कोऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवा, आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी भुरभुरवा आणि डिकी लावून टाका. पाणी जिथून उतरेल तिथे पावडरीत स्वच्छ रेघ पडते.

पाणी पाइपने सोडायचं, पण नोझल काढून. सोसायटीत पाइपने गाडी धुवायला बंदी असेल तर बागेची झारी त्याहून बरी, कारण पाणी नेमकं एका जागी पडतं.

सुरुवात खालून करायची आणि वर चढत जायचं. आधी बंपरची रेषा, मग नंबरप्लेटचा भाग, मग एकेक टेललाइट, मग डिकीच्या झाकणाची फट, मग मागची काच आणि शेवटी छत. वरून सुरुवात केली तर तेच पाणी ओघळत खालच्या सगळ्या जागा भिजवतं आणि आत थेंब आला तरी तो कुठल्या फटीतून आला हे कळत नाही. प्रत्येक जागेवर चार-पाच मिनिटं तरी पाणी चालू ठेवा. पत्र्याच्या दोन पदरांमधून वाट काढत यायला पाण्याला वेळ लागतो. अर्धा मिनिट पाणी मारून "इथून नाही" म्हणणारे फार.

आत थेंब दिसला की लगेच पाणी बंद. जागेवर पेन्सिलने खूण करा, फोटो घ्या, पुसा, आणि तीच जागा पुन्हा भिजवून खात्री करा. एक वाट सापडली म्हणून तिथेच थांबू नका. जुन्या गाडीत दोन वाटा असणं काही नवल नाही, त्यामुळे छतापर्यंत चाचणी पूर्ण करा.

सेडानमध्ये पहिला संशय टेललाइटवर

टेललाइट आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची गॅस्केट असते. वर्षानुवर्षं दबून ती चपटी होते, कडक होते. गाडी मागून ठोकली गेली असेल आणि डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर अजूनच. रंगासाठी दिवे काढतात, आणि बसवताना तीच दबलेली गॅस्केट परत लावतात. ती पुन्हा फुगून फट भरत नाही. पाणी एकाच बाजूच्या कप्प्यात साचतंय आणि त्याच बाजूचं काम झालेलं आहे, तर दुसरीकडे कुठे बघायच्या आधी तो दिवा काढा.

बऱ्याच गाड्यांत आतून तीन-चार नट असतात, ८ किंवा १० नंबरच्या बॉक्स पान्ह्याचे. काहींत हाताने फिरवायचे प्लास्टिकचे नट असतात आणि काहींत डिकी उघडल्यावर कडेला दिसणारे स्क्रू. आधी वायरचा कनेक्टर सोडवा. दिवा सरळ मागे ओढायचा, पेचकसाने उचकायचं नाही. रंग उडतो आणि मग तिथे गंज धरतो. कनेक्टरच्या पिना हिरवट झाल्या असतील तर त्या कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. ब्रेकलाइट मधेच न लागण्याचं कारण बऱ्याचदा तिथेच असतं.

पत्र्याची बैठक आणि दिव्याची पाठ दोन्ही नीट पुसा. नवी गॅस्केट मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर ब्यूटाइल टेप घ्या. तो काळा, चिकट, मऊच राहणारा टेप पुढच्या वेळी दिवा काढायचा झाला तरी सुटतो. टेप सलग फिरवा आणि दोन्ही टोकं एकमेकांवर चढवून जोड खालच्या बाजूला येऊ द्या. प्रत्येक बोल्टभोवती वेगळी कडी द्या, कारण बोल्टच्या भोकातूनही पाणी येतं. नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. ताकद लावलीत तर दिव्याचं प्लास्टिक तडकेल, आणि मग गॅस्केट कितीही चांगली असली तरी काही उपयोग नाही.

दिव्याच्या काचेत आतून धुकं धरणं हा वेगळा विषय आहे. थोडं धुकं येऊन उन्हात जात असेल तर सोडून द्या. दिव्यात पाणी डुचमळत असेल तर दिवाच गळतोय.

पत्र्याचे जोड

कारखान्यात पत्र्याच्या प्रत्येक जोडावर सीलंटची रेघ असते आणि तिच्यावर रंग. हा सीलंट वयाने सुकतो, भेगाळतो. छताच्या दोन्ही कडांच्या पन्हळीत, जिथे काळी रबरी पट्टी दाबून बसवलेली असते, ती पट्टी काढून खाली बघा. डिकीच्या तोंडाभोवतीच्या पन्हळीतले कोपरेही बघा. भेग इतकी बारीक असते की डोळ्यापेक्षा नखाला आधी कळते. अपघातानंतर मागचा पॅनेल बदललेल्या गाडीत कधी कधी सीलंटच नसतो, नुसता जोड आणि वर झकास रंग.

दुरुस्तीला कारचा पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे गाडीच्या बॉडीसाठीचा, तोच घ्या. बाथरूमच्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. त्यातलं ॲसिटिक ॲसिड पत्र्याला गंज चढवतं आणि त्याच्यावर रंगही धरत नाही. एमसीलसारखी पुट्टी दगडासारखी कडक होते. पत्रा तापतो, निवतो, हादरतो. पुट्टी त्याच्याबरोबर हलत नाही आणि कडेने सुटते. जुना भेगाळलेला सीलंट खरवडून काढा, गंज असेल तर घासून प्रायमर मारा, वाळू द्या, मग नवी रेघ ओढा आणि ओल्या बोटाने दाबून बसवा. जुन्यावर नवं थापलं तर ते त्या जुन्याबरोबरच सुटून येईल. पूर्ण वाळल्यावर वरून टचअप रंग.

बंपरमागचे एअर व्हेंट

दार लावताना आतली हवा कुठेतरी जायला हवी, त्यासाठी मागच्या बंपरच्या आत एका किंवा दोन्ही बाजूंना प्लास्टिकची चौकट आणि तिच्यात रबरी पडदे असतात. हवा बाहेर सोडायची, पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. पार्किंगमध्ये मागून हलकासा धक्का बसला, बंपरला ओरखडासुद्धा नाही, तरी आतल्या चौकटीची क्लिप तुटलेली असू शकते. चौकटीभोवतीचा फोम सुकला तरी पाणी कडेने येतं.

यासाठी बंपर उतरवावा लागतो, आणि म्हणूनच गॅरेजमध्ये हे फारसं कुणी बघत नाही. चौकट स्वस्त असते, ती बदला किंवा कडेने ब्यूटाइल टेप लावून घट्ट बसवा. पडदे मात्र टेपने बंद करू नका. तसं केलं की दारं धाडकन आपटल्याशिवाय लागत नाहीत, आणि आतल्या हवेला बाहेर पडायला वाट न उरल्याने काचांवर वाफ धरते.

बीडिंग खरंच गेलंय का?

जातं, नाही असं नाही. पण ते ठरवायला सोप्या चाचण्या आहेत. कागदाची पट्टी बीडिंगवर ठेवून डिकी लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. एखाद्या जागी अलगद निघून आली तर तिथे दाब नाही. किंवा झाकणाच्या ज्या कडेवर बीडिंग टेकतं तिथे खडू घासा, डिकी लावून उघडा. बीडिंगवर खडूची अखंड रेघ उमटली तर ते काम करतंय. रेघ तुटली, तर बीडिंग बदलण्याआधी झाकणाची बैठक बघा. कोपऱ्यातले रबरी बफर फिरवून खालीवर करता येतात, लॉकचा आकडाही सैल करून थोडा सरकवता येतो. कितीतरी वेळा तेवढ्यावर भागतं.

बीडिंग फाटलं असेल, एका जागी चपटं झालं असेल तर बदला. ते पत्र्याच्या कडेवर दाबून बसतं, गोंद लागत नाही. ताणून बसवू नका, ताणलेलं बीडिंग नंतर आखडतं आणि जोडापाशी फट पडते. जोड खालच्या बाजूला, लॉकजवळ ठेवा. निगा राखायला साबणाचं पाणी आणि वर हलका सिलिकॉन ग्रीसचा हात. पेट्रोल, डिझेल, साधं ग्रीस किंवा व्हॅसलीन लावू नका. खनिज तेलाने हे रबर फुगतं आणि भुसभुशीत होतं.

हॅचबॅकवाल्यांसाठी

मागच्या वायपरला पाणी पुरवणारी बारीक नळी बॉनेटखालच्या टाकीपासून निघते, छताच्या अस्तरामागून मागे येते आणि बिजागरीजवळच्या रबरी घडीतून मागच्या दारात जाते. दार हजारो वेळा उघड-मीट होतं आणि नळी नेमकी त्या घडीत तुटते किंवा जोडातून निसटते. मग मागच्या काचेवर फवारा कमी येतो, आणि उरलेलं पाणी छताच्या अस्तरातून, मागच्या खांबातून डिकीत. टाकीतल्या पाण्यात थोडा खाण्याचा रंग टाका आणि मागचा वॉशर दाबा. डिकीत रंगीत डाग आला की प्रश्न मिटला. तुटका भाग कापून छोटा जोड बसवला की काम झालं.

याशिवाय वरच्या ब्रेकलाइटची गॅस्केट, स्पॉयलरचे बोल्ट आणि त्याच रबरी घडीची टोकं बघा. सनरूफ असेल तर त्याच्या मागच्या दोन नळ्या मागच्या खांबांतून खाली जातात. गाडी गुलमोहराखाली किंवा कडुनिंबाखाली उभी राहत असेल तर पानांच्या बारीक चुऱ्याने त्या तुंबतात. कोपऱ्यात पेलाभर पाणी ओता, गाडीखाली धार यायला हवी. तुंबली असेल तर नायलॉनची जाड दोरी अलगद फिरवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला जोड निसटला तर अख्खं अस्तर उतरवावं लागेल.

नंतर पाडलेली भोकं

रिव्हर्स कॅमेरा, पार्किंग सेन्सर, बाहेरून बसवलेली अँटेना: प्रत्येकासाठी कुणीतरी ड्रिल चालवलेलं असतं आणि वायरीभोवती रबरी ग्रोमेट बसवलेलं असतंच असं नाही. आपल्याकडे यात मोठा वाटा सीएनजी किटचा. सिलिंडरच्या ब्रॅकेटचे बोल्ट डिकीच्या तळातून आरपार जातात, आणि सिलिंडरच्या वाल्व्हपासून निघालेल्या नळ्या तळातून बाहेर सोडलेल्या असतात. चुकून गॅस गळला तर तो डिकीत न साठता बाहेर जावा, यासाठी त्या असतात. पाणी येतंय म्हणून त्या नळ्यांची तोंडं कधीही बुजवू नका. नळी जिथे तळातून जाते तिथला कडेचा रबर बदलायचा, आणि तोही अधिकृत फिटरकडून. सिलिंडरला घरी हात लावायचा नाही. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टसाठी, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली होणाऱ्या तपासणीसाठी, सिलिंडर उतरतोच, त्या दिवशी गॅरेजमध्ये थांबून खालचा पत्रा बघून घ्या. ब्रॅकेटखालचा गंज एरवी दिसत नाही.

तळाचं बूच काढून टाकणं हा उपाय खूप जण सांगतात. पाणी निघून जातं हे खरं, पण त्याच भोकातून चाकाने उडवलेलं पाणी, धूळ आणि सायलेन्सरचा धूर आत येतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. साचलेलं पाणी काढायला बूच काढा आणि परत घट्ट लावा.

वाळवणं आणि परत बसवणं

वास पत्र्यात नसतो, फेल्टमध्ये आणि मॅटखालच्या फोममध्ये असतो. ते बाहेर काढून कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. बुरशी धरली असेल तर तोंडाला रुमाल बांधून झाडा, पांढऱ्या व्हिनेगरने पुसा आणि पुन्हा वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर सीट पाडून, काचा बंद करून एसी चालवा. तो हवेतली ओल ओढून घेतो. पण हे इंजिन चालू ठेवून बंद गॅरेजमध्ये नको, मोकळ्या जागेत. फोम सडला असेल तर टाकून द्या, अत्तराच्या बाटलीने काही होत नाही.

खड्ड्यातला गंज तारेच्या ब्रशने घासा, रस्ट कन्व्हर्टर लावा, मग प्रायमर आणि रंग. पेचकसाचं टोक पत्र्यात सहज घुसत असेल तर घरचं काम संपलं. तिथे पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागेल. गॅरेजमध्ये देताना "डिकीत पाणी येतं" एवढंच सांगू नका. पेन्सिलच्या खुणेचा फोटो दाखवा, कुठली जागा किती वेळ भिजवल्यावर थेंब आला ते सांगा आणि काम झाल्यावर तीच जागा तुमच्यासमोर भिजवायला लावा.

अस्तरं आणि मॅट लगेच बसवू नका. खड्ड्यात, दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत आणि टेललाइटखाली वर्तमानपत्राचे कागद पसरून ठेवा आणि दोन-तीन दमदार पाऊस जाऊ द्या. कागद ओला झाला तर निदान कुठल्या बाजूचा ते कळेल. कोरडा निघाला तर क्लिपा लावायला घ्या.